२५६ रंगांतले हलते चित्र : प्रस्तावना

समुद्रावरच्या सूर्यास्ताची चार सेकंदांची चित्रफीत घ्यावी, ती एफएफएमपेग या प्रणालीला द्यावी आणि बाहेर पडणाऱ्या फाइलचा प्रकार जिफ सांगावा. काम क्षणात होते. उघडून पाहिले की मात्र आकाश एकसंध राहिलेले नसते. केशरीतून जांभळ्यात हलकेच उतरणारा रंग पायऱ्यापायऱ्यांनी तुटलेला असतो, पाण्यावर ठिपक्यांची जाळी पसरलेली असते आणि किनाऱ्यावर कोणी उभे असेल तर त्याच्या चेहऱ्यावर डाग पडलेले असतात. बहुतेक जण इथे थांबतात आणि जिफ म्हटले की असेच दिसायचे, असे मानून पुढे जातात. ही पुस्तिका त्या समजुतीविरुद्ध लिहिली आहे. त्याच चित्रफितीतून, त्याच फुकट मिळणाऱ्या प्रणालीने, डोळ्याला सुखावणारे आकाश काढता येते. त्यासाठी कमांड लाइनवर चार-पाच ओळी जास्त लिहाव्या लागतात, आणि त्या का लिहायच्या हे समजून घ्यावे लागते.

जिफ हे स्वरूप १९८७ सालचे आहे. अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या चमूने ते रचले. चित्रे टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने पाठवायची होती आणि ती पाहणाऱ्यांच्या पडद्यांवर रंगही मोजकेच उमटत. म्हणून एका चित्राला जास्तीत जास्त २५६ रंगांचा एक तक्ता द्यायचा आणि प्रत्येक ठिपक्यासाठी त्या तक्त्यातला फक्त क्रमांक लिहायचा, अशी योजना ठरली. त्या काळात ती फार शहाणी योजना होती. आजचा साधा मोबाइल १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंग दाखवतो, पण जिफच्या तक्त्यातली घरे अजून तेवढीच आहेत. १९८९ च्या सुधारित आवृत्तीने प्रत्येक फ्रेम किती वेळ थांबावी हे लिहिण्याची आणि एखादा रंग पारदर्शक ठेवण्याची सोय दिली. चित्र शेवटाला पोहोचले की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावे, ही सोय मात्र त्या नियमावलीतही नव्हती. ती नव्वदच्या दशकाच्या मध्यात नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आली, आणि म्हणून आज बनवलेल्या फिरत्या जिफच्या आतही ‘नेटस्केप २.०’ ही अक्षरे लिहिलेली सापडतात. मधल्या काळात जिफमधल्या संक्षेपणाच्या पद्धतीवरच्या पेटंटचा वाद झाला, त्यातून पीएनजी हे नवे स्वरूप जन्माला आले. पण मूळ पीएनजी हलत नव्हते. २००३ मध्ये अमेरिकेतल्या त्या पेटंटची मुदत संपली आणि जिफ आपल्या जागी राहिले.

तर प्रश्न २५६ घरांचा आहे. ती कोणत्या रंगांनी भरायची?

एफएफएमपेगला काहीच सांगितले नाही तर ते एक ठरीव तक्ता वापरते. तांबड्याच्या आठ पातळ्या, हिरव्याच्या आठ, निळ्याच्या चार. आठ गुणिले आठ गुणिले चार म्हणजे बरोबर २५६. हा तक्ता चित्र पाहण्याआधीच ठरलेला असतो. सूर्यास्तात पोपटी रंग नाही, तरी पोपटी रंगाची घरे राखून ठेवलेली असतात. आणि ज्या केशरी-गुलाबी पट्ट्यात सगळे नाट्य घडते तिथे वाट्याला मोजकी घरे येतात. माणसाच्या त्वचेचेही तेच होते. सावळ्या किंवा गव्हाळ चेहऱ्यावर उजेडापासून सावलीपर्यंत कितीतरी बारीक छटा असतात, त्या ठरीव तक्त्यातल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या घरांत कोंबल्या जातात. चेहऱ्यावरचे डाग तिथून येतात. कॅमेऱ्याचा किंवा चित्रफितीचा त्यात काही दोष नसतो.

उपाय २०१५ पासून एफएफएमपेगमध्येच आहे. क्लेमां बोश या फ्रेंच विकासकाने ‘पॅलेटजेन’ आणि ‘पॅलेटयूज’ ही दोन गाळण्यांची जोडी त्या वर्षी त्यात आणली. पहिली गाळणी संपूर्ण चित्रफीत पाहते, कोणता रंग किती वेळा आला याची मोजदाद करते आणि त्या मोजणीतून खास त्याच चित्रफितीसाठी तक्ता तयार करते. दुसरी गाळणी चित्रफीत पुन्हा पाहते आणि प्रत्येक ठिपक्याला त्या तक्त्यातला जवळचा रंग देते. शिंपी आधी माप घेतो आणि मग कापडाला कात्री लावतो, तोच हा क्रम. दोन फेऱ्यांमुळे वेळ थोडा जास्त लागतो, पण जिफच्या दर्जात पडणारा सर्वांत मोठा फरक इथेच पडतो. पुस्तिकेतले बाकी काही वाचले नाही तरी चालेल, पण दुसरे प्रकरण वाचावे, असे म्हणतो ते याचसाठी.

तक्ता निवडण्यामागचे गणित त्याहून जुने आहे. पॉल हेकबर्ट यांनी १९८२ मध्ये मांडलेली ‘मध्यछेद’ पद्धत अशी: तांबडा, हिरवा आणि निळा या तीन दिशांचा एक घन कल्पावा आणि चित्रातला प्रत्येक रंग त्यात आपापल्या जागी मांडावा. मग जिथे रंग जास्त पसरलेले आहेत तो भाग मधोमध कापावा, दोन्हीकडे सारखी गर्दी राहील अशा बेताने. कापत कापत हवे तितके तुकडे झाले की प्रत्येक तुकड्याचा सरासरी रंग तक्त्यात घालावा. पॅलेटजेन याच वाटेने जाते. एक घर ते पारदर्शक रंगासाठी राखते, म्हणून प्रत्यक्षात हाती २५५ रंग येतात. पारदर्शकता नको असेल तर ते घरही सोडवून घेता येते.

मोजणी कशाची करायची, हे आपण ठरवायचे असते, आणि इथे पाहणाऱ्याच्या नजरेला खरे काम आहे. येवल्यातल्या पैठणीच्या मागाची चित्रफीत समजा. कॅमेरा तिपाईवर स्थिर, माग स्थिर, मागची भिंत स्थिर. हलतात ते विणकराचे हात, धोटा आणि जरीवर सरकणारी चमक. सगळे ठिपके सारखे मोजले तर भिंतीचा फिकट रंग प्रत्येक फ्रेममध्ये येऊन मोजणीत वजनदार ठरतो आणि तक्त्यातली घरे अडवतो. ‘डिफ’ ही मोजणी सांगितली तर आधीच्या फ्रेमपेक्षा जे बदलले तेवढेच मोजले जाते. मग जरीच्या सोनेरी छटा आणि हातांच्या त्वचेचे रंग यांना न्याय मिळतो, भिंत थोडी सपाट होते, आणि भिंतीकडे कोणी पाहणार नसतेच. उलट कॅमेरा स्वतःच फिरत असेल, जत्रेतून चालत चित्रण केले असेल, तर बदल सगळीकडे असतो; तिथे ‘फुल’ हीच मोजणी बरी. ‘सिंगल’ नावाची तिसरी मोजणी प्रत्येक फ्रेमला वेगळा तक्ता देते. तिने फ्रेम सुटी पाहिली तर सुंदर दिसते, पण तक्ते बदलत राहिल्याने फाइल फुगते आणि स्थिर भागही किंचित लुकलुकू लागतो. दृश्य वारंवार बदलणाऱ्या चित्रफितींखेरीज ती वापरू नये, असे माझे मत आहे.

चांगला तक्ता मिळाला तरी २५५ रंगांत आकाशाची उतरंड पूर्ण मावत नाही. उरलेली तूट डोळ्याला भासू नये म्हणून ठिपक्यांची मिसळ करावी लागते. दोन उपलब्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी पेरले की लांबून तिसरा रंग दिसतो. वर्तमानपत्रातले छायाचित्र भिंगाखाली धरणाऱ्याने हे पाहिलेले असते. या मिसळीची सर्वांत प्रसिद्ध रीत रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांची, १९७६ सालची. एका ठिपक्याला नेमका रंग देता आला नाही तर राहिलेली चूक शेजाऱ्यांत वाटून द्यायची: उजवीकडच्याला सोळापैकी सात भाग, खालच्या ओळीतल्या तिघांना डावीकडून तीन, पाच आणि एक. स्थिर चित्रासाठी ही रीत अप्रतिम आहे. हलत्या चित्रात तिचा त्रास होतो, कारण चूक पुढे पुढे वाहत जाते. वर डाव्या कोपऱ्यात एका ठिपक्याची छटा जराशी बदलली तरी खाली उजवीकडची सगळी पेरणी बदलू शकते. न हललेल्या भिंतीवरही मग फ्रेमगणिक ठिपके जागा सोडतात आणि भिंत सळसळू लागते.

दुसरी रीत कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची, १९७३ ची. हेच बायर पुढे डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावरच्या रंगजाळीमुळे अधिक ओळखले गेले. त्यांच्या मिसळीत ठिपका कुठे पेरायचा हे त्याच्या जागेवरून ठरते, शेजाऱ्याच्या चुकीवरून ठरत नाही. म्हणून स्थिर भाग खरोखर स्थिर राहतो आणि फाइलही आटोपशीर होते. किंमत अशी की बारकाईने पाहिले तर आडव्याउभ्या जाळीची नक्षी दिसते. तिची तीव्रता शून्य ते पाच या आकड्यांनी ठरवता येते. आकडा वाढवला की जाळी विरते आणि रंगांचे पट्टे परत येऊ लागतात. सर्वांसाठी एक आकडा नाही. मला स्वतःला निसर्गदृश्यांसाठी तीन पटतो, पण चेहरा जवळून घेतलेला असेल तर मी चूक वाहून नेणारी ‘सिएरा’ घराण्यातली मिसळ घेतो आणि पॅलेटयूजला सांगतो की फ्रेममधला बदललेला चौकोन तेवढाच नव्याने रंगव. त्या एका सूचनेने चौकोनाबाहेरची सळसळ थांबते. पाटीवर ‘क’ कसा गिरवायचा हे मुलांना दाखवणारे चित्र असेल, तर मिसळ पूर्ण बंद करावी आणि रंग १६ वर आणावेत. सपाट रंगांच्या रेखाटनात जिफइतके नेटके काम थोडी स्वरूपे करतात.

फाइलचा आकार हा सगळ्यांच्या काळजीचा विषय, आणि त्यात साधा गुणाकार पुष्कळ सांगून जातो. ४८० बाय २७० ठिपक्यांची एक फ्रेम म्हणजे १,२९,६०० ठिपके. सेकंदाला १२.५ फ्रेम धरल्या तर चार सेकंदांत ५० फ्रेम, म्हणजे ६४ लाख ८० हजार ठिपके, आणि संक्षेपणाआधी तितकेच बाइट. रुंदी अर्धी केली की उंचीही त्याच प्रमाणात घटते आणि क्षेत्रफळ चौथाईवर येते. रंग कमी करून तेवढी बचत सहसा होत नाही. म्हणून आधी चित्रफितीची लांबी छाटावी, मग रुंदी, मग फ्रेमचा वेग, आणि रंगांना सर्वांत शेवटी हात लावावा. संक्षेपण एलझेडडब्ल्यू पद्धतीचे असते. ओळीतून डावीकडून उजवीकडे जाताना पूर्वी येऊन गेलेला क्रमांकांचा क्रम पुन्हा भेटला की त्याच्याऐवजी एक छोटा संकेत लिहायचा, एवढे तिचे मर्म. सपाट रंग आणि नियमित जाळी तिला मानवते. अंधारात मोबाइलने टिपलेल्या चित्रफितीतला कण तिला अजिबात मानवत नाही, कारण त्यात काहीच पुन्हा येत नाही. अशी चित्रफीत तक्त्याकडे पाठवण्याआधी कण पुसणाऱ्या गाळणीतून हलकेच काढावी.

वेळेचा हिशेब बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. जिफमध्ये फ्रेमचा थांबा सेकंदाच्या शंभराव्या भागांत आणि पूर्णांकातच लिहावा लागतो. आपल्याकडच्या दूरचित्रवाणीचा सेकंदाला २५ फ्रेमचा वेग म्हणजे थांबा नेमका चार. त्याच्या निम्म्याने नेमका आठ. मोबाइल मात्र बहुधा ३० फ्रेमने चित्रण करतो आणि शंभराला तीसने नि:शेष भाग जात नाही. १५ फ्रेम मागितल्या तर थांबे सहा आणि सातच्या मध्ये हेलकावतात, आणि संथ सरकणाऱ्या दृश्यात ती अडखळ जाणवते. सेकंदाला दहा घेतल्या की थांबा पुरा दहा होतो आणि मूळ चित्रफितीतली दर तिसरी फ्रेम सरळ उचलली जाते. वरच्या टोकालाही एक भिंत आहे: थांबा दोनपेक्षा कमी लिहिला तर ब्राउझर तो मानत नाहीत आणि चित्र उलट मंद चालवतात.

सरावासाठी काय घ्यावे? पुस्तिकेत एक उदाहरण मी मुद्दाम घेतले आहे: दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची उपलब्ध रिळे. १९१३ साली मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात दाखवलेल्या या चित्रपटाचा काही भागच आज उरला आहे, आणि तो मूळ प्रतीचा की फाळक्यांनी नंतर पुन्हा केलेल्या चित्रणाचा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. त्यावरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे. पण माझे कारण तांत्रिक आहे. कृष्णधवल चित्रफितीत रंग नसतात, फक्त उजेडाच्या पातळ्या असतात, आणि नेहमीच्या डिजिटल चित्रफितीत त्या २२० च्या आसपास असतात. म्हणजे सगळ्या करड्या छटा तक्त्यात मावतात आणि वर घरे उरतात. मिसळीची गरजच उरत नाही. एवढ्या जुन्या चित्रपटाला जिफची मर्यादा आड येत नाही, हे पाहून मला दर वेळी आनंद होतो. अडचण येते ती धूळ, ओरखडे आणि फ्रेमच्या थरथरीची, आणि तिच्याशी कसे वागायचे हे शिकायला यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही. फाळक्यांनी त्याआधी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अंतराने फ्रेम घेत टिपली होती. थोड्या फ्रेममध्ये गोष्ट सांगायची कला त्यांना अवगत होती, आणि जिफ करणाऱ्याला नेमकी तीच हवी असते.

मराठी वाचकासाठी एका प्रकरणाचे महत्त्व वेगळे आहे, ते चित्रावर देवनागरी मजकूर लिहिण्याचे. एफएफएमपेगमधल्या मजकूर लिहिणाऱ्या गाळणीत अक्षरांची जुळणी करणारी हार्फबझ ही प्रणाली ६.१ या आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या आवृत्त्यांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन पडे आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी दिसत. जुन्या आवृत्तीवर काम करावे लागत असेल तर मजकूर उपशीर्षकांच्या फाइलमध्ये लिहून त्या वाटेने चित्रावर आणावा. ती वाट देवनागरी नीट जुळवते. आणि मजकूर नेहमी चित्र लहान केल्यानंतर लिहावा, आधी कधीच नाही. मोठ्या चित्रावर लिहून मग ते आकसले की अनुस्वार आणि रफार सर्वांत आधी पुसट होतात. टंक जाड घ्यावा, पांढऱ्या अक्षरांना काळी कड द्यावी. या साध्या काळजीने वाचनीयता किती सुधारते, हे सोबतच्या नमुन्यांत दिसेल.

हे सगळे स्क्रिप्टने, म्हणजे कमांडच्या ओळी एका फाइलमध्ये लिहून, का करायचे, संकेतस्थळावर चित्रफीत चढवून का नाही? घरातल्या लहान मुलाची, रुग्णाच्या व्यायामाची, वर्गातल्या विद्यार्थ्यांची चित्रफीत अनोळखी संगणकावर पाठवावी लागते, हे एकच कारण मला पुरेसे वाटते. दुसरे कारण कामाच्या रीतीचे आहे. वर जे जे सांगितले ती प्रत्येक वेळी केलेली निवड आहे: मोजणी कोणती, मिसळ कोणती, थांबा किती. बटणे दाबून केलेली निवड दुसऱ्या दिवशी आठवत नाही. स्क्रिप्टमध्ये ती लिहिलेली राहते, चाळीस चित्रफितींना एकसारखी लागू होते आणि सहकाऱ्याला जशीच्या तशी देता येते. तीच स्क्रिप्ट वर्षभराने उघडली तरी आपण मिसळ का बदलली होती ते कळते, जर कारण तिथेच टिपणीत लिहून ठेवले असेल तर. टिपणी मराठीत लिहावी; टर्मिनलला त्याचे काही वावगे नाही. फाइलींची नावेही मराठीत चालतात, फक्त नावात मोकळी जागा असेल तर ते अवतरणचिन्हांत बांधावे, नाहीतर एका नावाची दोन नावे होऊन स्क्रिप्ट अडते.

या पुस्तिकेच्या कक्षेबाहेरही बरेच काही आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर जिफ म्हणून जे फिरते ती मुळात आवाज नसलेली चित्रफीत असते. वेबपी आणि एव्हीआयएफ ही नवी स्वरूपे कमी जागेत जास्त रंग देतात, आणि जिथे ती चालतात तिथे ती जरूर वापरावीत. जिफ लागते ते ईमेलमध्ये, कार्यालयीन दस्तऐवजात, शाळेतल्या जुन्या संगणकावर, जिथे प्लेअर उघडण्याची खात्री नसते पण चित्र दिसण्याची असते. लागोपाठच्या फ्रेमचे तक्ते एकत्र वापरून एका फ्रेममध्ये हजारो रंग दाखवणारी ‘गिफ्स्की’ आणि तयार जिफ आणखी आवळणारी ‘गिफसिकल’ या दोन्ही उत्तम प्रणाल्यांची ओळख शेवटच्या प्रकरणात आहे. त्या आधी शिकू नयेत. तक्ता आणि मिसळ हाताने बसवून झाल्यावर त्यांची करामत समजते.

पुस्तिकेतल्या सगळ्या स्क्रिप्ट लिनक्स आणि मॅकवरच्या बॅशसाठी आहेत. विंडोजवर काय बदलायचे ते प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दिले आहे. सुरुवातीला आपल्या संगणकावरची एफएफएमपेगची आवृत्ती पाहून घ्यावी. मोबाइलवरची चित्रफीत जिफमध्ये फिकी, धुतल्यासारखी दिसली तर ती एचडीआर प्रकारात चित्रित झालेली असण्याची शक्यता मोठी. तिच्यासाठी उजेडाच्या पातळ्या आधी उतरवाव्या लागतात आणि ती ओळ सहाव्या प्रकरणात आहे. स्क्रिप्ट कोणीही उतरवून घ्याव्यात, आपल्या कामाप्रमाणे बदलाव्यात आणि पुढे द्याव्यात. आकडे माझेच ठेवण्याचा आग्रह नाही: प्रत्येक चित्रफितीचे दोन-तीन नमुने काढावेत, ते शेजारी शेजारी ठेवून, चित्र जिथे वापरायचे आहे त्याच पडद्यावर आणि त्याच आकारात पाहावेत, आणि मग आकडा ठरवावा.